हॉलिडे कार्ड आणि वर्षाचं पत्र: अमेरिकेतल्या मराठी घरासाठी ऑक्टोबर ते जानेवारी, सगळं सविस्तर

थँक्सगिव्हिंग झालं की मैत्रिणींचे मेसेज सुरू होतात, अगं कार्डं कुठे छापतेस, भारतात पाठवायला किती तिकिटं लावायची, शेजारच्या बाईंचं कार्ड आलंय आता आपणही द्यायचं असतं का. दरवर्षी तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते. आम्ही न्यू जर्सीत १९ वर्षं आहोत आणि त्यातली १६ वर्षं मी न चुकता कार्ड आणि सोबत एक पानी पत्र पाठवतेय, आता लिस्ट ६४ घरांची झालीये, ४१ इथली आणि २३ भारतातली.

जे इथे नवीन आहेत त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं, त्यानंतर ख्रिसमसपर्यंत घरोघरी पोस्टाने कार्डं येतात, बहुतेक कुटुंबाचा फोटो असलेली, आणि काही जण त्यात एक छापील पत्र घालतात की वर्षभरात आमच्याकडे काय काय झालं. हे पत्र सगळ्यांना एकच असतं. आपल्याला सुरुवातीला ते विचित्र वाटतं, पत्र म्हणजे एकाने एकाला लिहायचं असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं, पण एकदा सवय झाली की कळतं की ज्या लोकांना आपण वर्षात एकदाही फोन करत नाही ते सुद्धा या एका पाकिटामुळे आपल्या आयुष्यात टिकून राहतात.

पहिलं काम लिस्ट, आणि ते ऑक्टोबरमध्ये

कार्डाचं डिझाइन नंतर, आधी पत्ते. एक गुगल शीट करा, त्यात नाव, पत्ता, पाकिटावर नाव कसं लिहायचं, भाषा इंग्रजी की मराठी, गेल्या वर्षी कार्ड आलं का, आणि शेवटी एक मोठा रकाना "काय झालं" असा. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. वर्षभरात कुणाकडे बाळ झालं, कुणी घर बदललं, कुणाचं ऑपरेशन झालं, जे कळेल ते कळलं त्या दिवशीच तिथे टाकायचं. मी हे कळकळीने सांगतेय कारण एका वर्षी माझ्या जुन्या ऑफिसमधल्या एका वयस्कर बाईंना मी कार्डावर "तुम्हा दोघांना नवीन वर्षाच्या शुभेच्छा" असं लिहून पाठवलं, आणि त्यांचे यजमान मार्चमध्येच गेले होते. त्यांनी ईमेलने कळवलंही होतं, मी उत्तरही दिलं होतं, फक्त लिस्टमध्ये नोंद केली नव्हती, आणि डिसेंबरात रात्री अकरा वाजता पन्नासावं पाकीट लिहिताना हात आपोआप चालला. त्यांनी काही मनाला लावून घेतलं नाही, उलट मलाच प्रेमाने पत्र लिहिलं, पण मला ते अजून खुपतं.

पत्ता मागायला लाजू नका. "तुमचा पोस्टाचा पत्ता पाठवता का, कार्ड पाठवायचंय" एवढा मेसेज केला की लोक खूश होतात. इथे कुणी घर बदललं आणि पोस्टात नवा पत्ता नोंदवला असेल तर फर्स्ट क्लासची पत्रं १२ महिने नव्या पत्त्यावर जातात, म्हणजे कार्ड पोचलं म्हणून पत्ता बरोबर आहे असं धरून चालू नका, पुढच्या वर्षी तेच परत येतं.

किती जणांना पाठवायचं? माझा नियम सोपा आहे, ज्यांच्यासाठी मी हाताने निदान एक ओळ लिहू शकते तेवढेच. नुसतं छापील नाव चिकटवून शंभर घरांत टाकण्यापेक्षा वीस घरं करा.

फोटो

वेगळं फोटोशूट वगैरे काही लागत नाही. आपल्याकडे दिवाळी नेमकी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येते, सगळे नटलेले असतात, मुलं सुद्धा त्या दिवशी कुर्ता घालायला कुरकुर करत नाहीत, तेव्हाच काढून घ्या. फक्त संध्याकाळी दिवे लागल्यावर काढलेला फोटो छापल्यावर काळपट येतो, म्हणून दुपारी साडेतीन-चारला अंगणात किंवा मोठ्या खिडकीजवळ उभे राहा, नोव्हेंबरमध्ये घड्याळं मागे गेली की इकडे पाचच्या आतच अंधार पडतो. डोक्याच्या वर आणि दोन्ही बाजूंना भरपूर जागा सोडा कारण कार्डाच्या चौकटीत फोटो कापला जातो आणि मग कडेला उभ्या असलेल्या आजोबांचा खांदा जातो.

अजून एक, फोटो नणंदेच्या फोनवर असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवायला सांगू नका, फाइल लहान होते. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. ५ बाय ७ इंचाच्या कार्डाला नीट छपाई हवी तर फोटो साधारण १५०० बाय २१०० पिक्सेलचा तरी पाहिजे.

छपाई

ऑनलाइन छापून देणारे भरपूर आहेत आणि थँक्सगिव्हिंगच्या आसपास सगळ्यांचे सेल असतात, पण सेलची वाट बघत बसू नका, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही कूपनं मिळतात. एका वर्षी मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑर्डर दिली आणि कार्डं आली २३ तारखेला, तेव्हापासून थँक्सगिव्हिंगच्या आधी कार्डं घरात हा नियम. लिस्टपेक्षा आठ-दहा जास्त मागवा, दोन-चार लिहिताना खराब होतात आणि दोन-चार नवीन लोक निघतातच.

आकार ५ बाय ७ च घ्या, चारही बाजू सारख्या असलेलं चौकोनी कार्ड दिसायला फार सुंदर असतं पण इथल्या पोस्टाच्या मशीनला चौकोनी पाकिटाची दिशा कळत नाही म्हणून त्याला जास्तीचे पैसे लागतात. पाकिटावर लाखेचा शिक्का, आत रिबिनीची गाठ, असलं काही उंचवट्याचं घातलं तरी तेच. गडद लाल किंवा हिरवी पाकिटं घेऊ नका, घेतलीच तर पांढरं लेबल लावा, आणि पाकिटाच्या खालच्या कडेला अर्ध्या इंचापेक्षा थोडी जास्त पट्टी कोरी ठेवा, तिथे पोस्ट बारकोड छापतं.

कार्डावर मजकूर काय? ज्यांचा ख्रिसमस आहे हे पक्कं माहीत आहे त्यांना "मेरी ख्रिसमस" हाताने लिहा, छापील मजकूर मात्र "हॅपी हॉलिडेज" किंवा नुसत्या नवीन वर्षाच्या शुभेच्छा असा ठेवा कारण तीच कार्डं ज्यू शेजाऱ्यांकडे जाणार, आणि तीच सांगलीला आत्याकडे. आणि खाली आडनावाचं अनेकवचन छापताना अ‍ॅपॉस्ट्रॉफी घालू नका, ही चूक फार दिसते, "द जोशीज" मध्ये आडनावापुढे फक्त एस येतो, बाकी काही नाही.

पत्र, म्हणजे खरा मुद्दा

इथे मी थोडी जास्त बोलणार आहे.

पहिल्या वर्षी मी जे पत्र लिहिलं त्यात ह्यांचं प्रमोशन, माझं सर्टिफिकेशन, मुलीचा स्पेलिंगमधला नंबर, आणि आम्ही कुठे कुठे फिरून आलो याची यादी होती. सगळं खरं होतं, व्यवस्थित लिहिलेलं होतं. सांगलीच्या आत्याला ते मिळालं, तिचा फोन आला, म्हणाली छान आहे गं पत्र, आणि मग एकदम विचारलं, "ती फोटोत मागे तुळस दिसत होती ती जगली का गं थंडीत?" मी म्हटलं हो, नोव्हेंबरात घरात आणली, दक्षिणेच्या खिडकीत ठेवलीये, पानं गळाली पण काडी हिरवी आहे. त्यावर आम्ही वीस मिनिटं बोललो. पाणी किती घालतेस, मंजिऱ्या खुडतेस का, तिकडे माती कसली मिळते. प्रमोशनबद्दल तिने एक शब्द विचारला नाही. तेव्हापासून मी पत्र लिहायला बसले की आधी स्वतःला विचारते की हे आत्या फोनवर विचारेल का, आणि विचारणार नसेल तर ते वाक्य काढते किंवा बदलते.

म्हणजे करायचं काय ते सांगते. आधी फोनमधले वर्षभराचे फोटो जानेवारीपासून पुढे सरकवत बघा आणि जिथे हात थांबेल ते कागदावर टिपा, वीस-पंचवीस गोष्टी होतील. त्यातल्या पाच ठेवा. घरातल्या प्रत्येकाबद्दल एक तरी हवी, पण प्रत्येकाचा परिच्छेद सारख्या लांबीचा करायला जाऊ नका, ते प्रगतिपुस्तक होतं. मग प्रत्येक गोष्टीत एक डोळ्यांना दिसणारा तपशील घाला. "मुलगा या वर्षी ड्रायव्हिंग शिकला" हे वाक्य कुणाच्याही मुलाबद्दल असू शकतं. "मुलाला लायसन्स मिळालं, आणि पहिल्या दिवशी तो मला शेजारी बसवून इंडियन ग्रोसरीत घेऊन गेला, येताना कोथिंबिरीच्या जुड्या मांडीवर धरून मी पूर्ण वेळ उजवा पाय दाबत होते" हे फक्त आमच्या घरातलं आहे. मार्क, पगार, घराची किंमत, गाडीचं मॉडेल हे लिहू नका. मुलांचं काही लिहिणार असाल तर त्यांना आधी वाचून दाखवा, माझी मुलगी तेरा वर्षांची झाल्यावर तिने दोन वाक्यं काढायला लावली आणि तिचं बरोबर होतं. शाळेचं नाव, पुढच्या ट्रिपच्या तारखा, हे सुद्धा नको, पत्र किती हातांत जाईल सांगता येत नाही.

वाईट वर्ष असेल तर? लिहा. ज्या वर्षी ह्यांची नोकरी गेली त्या वर्षी पत्र पाठवूच नये असं वाटत होतं, मग दोनच वाक्यं लिहिली, की मे महिन्यात नोकरी गेली, सध्या शोध चालू आहे आणि घरी संध्याकाळची पोळीभाजी ते करतात. त्या वर्षी जेवढी उत्तरं आली तेवढी आधी कधीच आली नव्हती, आणि दोन जणांनी स्वतःहून ओळखीच्या कंपन्यांत बायोडेटा पाठवायला मागितला. फक्त आजारपण किंवा मृत्यू यासारखी बातमी जवळच्या माणसाला या छापील पत्रातून पहिल्यांदा कळता कामा नये, त्यांना आधी फोन. आपल्याकडे दुःखाच्या पत्राचा कोपरा फाडायचे, वाचायच्या आधीच घरातल्याला कळायचं की बसून वाचायचं आहे, आणि शुभकार्याच्या पत्राला हळदकुंकू लागायचं. कार्डावर हसरा फोटो आणि आतल्या पत्रात तिसऱ्या परिच्छेदात आजोबा गेल्याची बातमी, असं करू नका, असेल तर ती सगळ्यात वर, साध्या शब्दांत.

लांबी एक पान, साडेतीनशे-चारशे शब्द. मी दोन पत्रं करते, इंग्रजी आणि मराठी, आणि मराठी पत्र हे इंग्रजीचं भाषांतर नसतं. इंग्रजी पत्रात आमच्या गणपतीबद्दल दोन ओळी समजावून लिहाव्या लागतात, दीड दिवसाचा असतो, मग बागेत बादलीत विसर्जन करतो आणि ते पाणी झाडांना घालतो, इथल्या शेजाऱ्यांना हे वाचायला फार आवडतं. मराठी पत्रात तेच लिहिताना नैवेद्याच्या मोदकांची उकड कशी बिघडली हे लिहिते, गणपती काय ते कशाला सांगायचं.

मराठी पत्र छापताना वरचा मायना कोरा सोडा. ही युक्ती मला फार उपयोगी पडली. आत्यासाठी हाताने "ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि." लिहायचं, मामेबहिणीला "प्रिय मनूताई", पुतण्याला "चि." आणि त्याचं घरातलं नाव, आणि खाली "लोभ असावा" सुद्धा हातानेच. एवढ्याने छापील पत्र त्या माणसाचं होऊन जातं. वयस्कर लोकांसाठी अक्षर १६ पॉइंटचं ठेवून दोन पानी प्रत काढा, आमची आत्या भिंग घेऊन वाचायची, मोठं अक्षर केल्यावर म्हणाली आता उन्हात ओट्यावर बसून वाचते.

आणि कार्डावर सुद्धा एक ओळ हाताने. पहिलं ख्रिसमस कार्ड १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून काढून घेतलं ते मुळात पत्रांची उत्तरं साठली होती म्हणूनच, त्याआधी तीन वर्षं पेनी पोस्ट, म्हणजे एका पेनीत पत्र पाठवायची सोय, सुरू झालं होतं आणि पत्रं धो धो यायला लागली होती. पण त्या कार्डावरही नाव हाताने भरायची जागा ठेवलेली होती. छापील वापरण्यात काही कमीपणा नाही, ती एक जागा भरा एवढंच. ओळ समोरच्याबद्दल हवी, "गुडघा आता कसा आहे", "टोमॅटोची रोपं तुम्ही दिलेली अजून आठवतात". रोज रात्री जेवणं झाल्यावर आठ कार्डं, आठ दिवसांत होतात, एका बैठकीत साठ केली की शेवटच्यांना नुसती सही मिळते.

पाकीट, वजन, तिकीट

लेटर साइजचा कागद दोनदा दुमडला, म्हणजे चौथाई केला, की ५ बाय ७ च्या पाकिटात सपाट बसतो. तिकिटं लावायच्या आधी भरलेलं पाकीट स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. एक औंस म्हणजे २८ ग्रॅम, जाड कार्ड आणि पाकीट मिळून साधारण १५ ग्रॅम, आणि साध्या कागदाचं एक पान साडेचार ग्रॅम, त्यामुळे दोन पानांपर्यंत आपण एका औंसात असतो.

अमेरिकेतल्या अमेरिकेत एक फॉरेव्हर तिकीट, जुलै २०२५ च्या दरवाढीनंतर ते ७८ सेंटला होतं. भारतात एक ग्लोबल फॉरेव्हर, गोल असतं ते, तेव्हा १ डॉलर ७० सेंटला होतं, एक औंसापर्यंत कुठल्याही देशात चालतं. म्हणजे त्या दराने माझ्या ४१ पाकिटांचे ३१ डॉलर ९८ सेंट आणि २३ चे ३९ डॉलर १० सेंट, एकूण ७१ डॉलर ८ सेंट झाले. दोन्ही तिकिटांवर किंमत छापलेली नसते, दर वाढला तरी जुनी चालतात, म्हणून दरवाढीच्या आधी पुढच्या वर्षाची घेऊन ठेवते. इथल्या पोस्टाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिवाळीचं तिकीट काढलं होतं, सोनेरी पार्श्वभूमीवर पणती, त्यातली काही मी जपून ठेवली आहेत आणि फक्त जवळच्या अमेरिकन मैत्रिणींच्या पाकिटांना लावते.

भारतातल्या पाकिटात फक्त कागद घाला, चॉकलेट, राखी, नोटा काही नको, वस्तू असेल तर ते पत्र राहत नाही, वेगळा दर आणि कस्टमचा फॉर्म लागतो. पत्ता इंग्रजीत, शेवटच्या ओळीत मोठ्या अक्षरात इंडिया, गावाचं नाव असेल तर ते शेजारी देवनागरीतही लिहा, "मारुतीच्या देवळामागे" ही खूण असेल तर ती गाळू नका, आणि मोबाइल नंबर घाला, आमच्याकडे पोस्टमनकाकांनी फोन करून घर विचारल्याचं दोनदा झालंय. पिनकोड सहाच्या सहा आकडे तपासा, महाराष्ट्र-गोव्याचा ४ ने सुरू होतो, चाराच्या जागी दुसरं काही असेल तर तिथेच चूक आहे. हा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, आणि संस्कृतचे कवी, हे मला माहीत झाल्यापासून ते सहा आकडे लिहिताना जरा बरंच वाटतं.

तारखा अशा धरा, भारताची पाकिटं २० नोव्हेंबरपर्यंत, माझ्या अनुभवात तीन आठवड्यांपासून दीड महिन्यापर्यंत काहीही लागतं. इथली डिसेंबरच्या पहिल्या दहा दिवसांत. उशीर झालाच तर हातपाय गाळू नका, आपल्याकडे संक्रांत आहे, १४ जानेवारीच्या आसपास "तिळगूळ घ्या, गोड बोला" लिहून पाठवा, ख्रिसमसच्या गर्दीत हरवण्यापेक्षा जानेवारीत एकटं आलेलं कार्ड लोक जास्त निवांत वाचतात. तिळगूळ मात्र पाकिटात घालायचा नाही.

आलेल्या कार्डांचं काय करायचं

पाकीट फाडून लगेच कचऱ्यात टाकू नका, डाव्या कोपऱ्यातला पत्ता आधी लिस्टशी ताडून बघा, लोकांचा सगळ्यात ताजा पत्ता तिथेच असतो. आम्ही जिन्याच्या कठड्याला सुतळी बांधतो आणि कपड्यांच्या लहान चिमट्यांनी कार्डं लावतो, आणि पत्र आलं असेल तर ते रात्री जेवताना कुणीतरी मोठ्याने वाचतं. मुलांना त्यातूनच कोण कुणाचं हे कळत गेलं.

प्रत्येक कार्डाला उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही, आपलं कार्ड हेच उत्तर असतं. ज्यांना आपण पाठवलं नव्हतं त्यांचं आलं तर नवीन वर्षाच्या आत एक पाठवून द्या, जास्तीची कार्डं त्यासाठीच. पण कुणी पत्रात काही कठीण लिहिलं असेल तर त्याच आठवड्यात फोन किंवा वेगळं पत्र, आणि घरातलं माणूस गेलं असेल तिथे त्या वर्षी आपलं छापील पत्र घालू नका, साधं कोरं कार्ड घ्या आणि गेलेल्या माणसाचं नाव घेऊन काहीतरी आठवण लिहा. लोक नाव घ्यायला बिचकतात. त्या ऑफिसमधल्या बाईंना दुसऱ्या वर्षी मी लिहिलं की त्यांचे यजमान दर पिकनिकला मला आठवणीने व्हेजी बर्गर वेगळ्या तव्यावर भाजून द्यायचे, तर त्यांनी कळवलं की ते कार्ड त्यांनी फ्रिजवर जूनपर्यंत ठेवलं होतं.

मेल आणून देणाऱ्यांना पण एक कार्ड द्या. त्यांना रोख पैसे घेता येत नाहीत, २० डॉलरपर्यंतची वस्तू चालते, आम्ही चकल्यांचा डबा देतो.

एखाद्याचं कार्ड दरवर्षी येतं आणि एके वर्षी येत नाही, तेव्हा लिस्टमधून नाव काढू नका. दोन वर्षं तरी पाठवत राहा, आणि जानेवारीत एक फोन करा. आमच्या पहिल्या अपार्टमेंटमधल्या शेजारीण आजींचं असंच थांबलं होतं, फोन केला तर कळलं हात थरथरतो म्हणून लिहिणं बंद केलंय, पण कार्डं वाचायला अजून हवीत.

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी मी सुतळी उतरवते, प्रत्येक कार्डामागे पेन्सिलने वर्ष टाकते आणि बुटांच्या खोक्यात ठेवते, परत आलेली पाकिटं बघून लिस्ट दुरुस्त करते, आणि त्या वर्षीचं आमचं कार्ड आणि पत्र यांच्या दोन-दोन प्रती वेगळ्या काढते, एक मुलाच्या फाइलमध्ये, एक मुलीच्या.